मांजर हाकेला ओ देत नाही? नावं ठेवण्याआधी एवढं तपासा

लक्षणं आधी सांगतो, तुमच्याकडचं कुठलं ते बघा.

नावाने हाक मारली तरी मांजर ढिम्म. फार तर शेपटीचं टोक एकदा हलतं आणि परत झोप. पण त्याच मांजराला दोन खोल्या पलीकडे खाऊचं पाकीट चुरगळलं की बरोब्बर ऐकू येतं. किंवा घरात एकाच माणसाच्या हाकेला येतं, बाकीच्यांना भाव देत नाही. किंवा हाक मारली की यायचं सोडून उलट पलंगाखाली पळतं. किंवा परगावी असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की आवाज ऐकून कान टवकारतं, फोनच्या मागे जाऊन बघतं आणि मग कायमचं दुर्लक्ष करतं. आणि शेवटचं, आधी छान यायचं पण हल्ली अचानक बंद झालं. हे शेवटचं असेल तर मधलं सगळं सोडा, थेट खाली कानाच्या भागावर जा. बाकीच्या केसेस बहुतेक घरीच आणि फुकटात सुटतात.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. डोंबिवलीत राहतो आणि मे महिन्यात नि गणपतीत सोसायटीतली निम्मी मांजरं माझ्याकडे असतात कारण लोक गावी जातात, आणि परत आले की सगळ्यांची एकच तक्रार, अरे हा तुझ्या हाकेला येतो मग आमच्या का येत नाही. इतक्या वेळा हे निस्तरलंय की आता क्रम ठरून गेलाय. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, डॉक्टर शेवटी.

१. ते ओ देतंय का हे नीट बघा

अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मन्या, सात वर्षांचा पिवळा बोका. काकू म्हणाल्या, "बहिरा झालाय मेला, घसा फोडून हाका मारते तरी बघत नाही." म्हटलं काकू, आपण एक गंमत करू. फोनवर चार जणींचे आवाज रेकॉर्ड केले, शेजारची ताई, तिची सासू आणि पोळ्यांच्या मावशी, तिघींनी "मन्या, ए मन्या" म्हटलं आणि चौथा आवाज काकूंचा. मन्या सोफ्याच्या पाठीवर पाय पोटाशी घेऊन बसलेला. काकूंना स्वयंपाकघरात उभं केलं, फोन टीव्हीच्या मागे ठेवला आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाने एकेक आवाज लावला. पहिल्या आवाजाला दोन्ही कान वळले. दुसऱ्याला एकच. तिसऱ्याला काही नाही, डोळे मिटलेले. आणि काकूंचा आवाज आला तसा डावा कान डिश अँटेना फिरवतात तसा टीव्हीकडे गेला, मग मान वळली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. पण जागचा हलला नाही. काकू दारातून बघत होत्या, म्हणाल्या, "म्हणजे कळतंय त्याला आणि येत नाही!" म्हटलं हो, हेच तर.

ही युक्ती माझी नाही बरं का. जपानमधल्या संशोधकांनी २० मांजरांवर, त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन हाच प्रयोग केला होता, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आधी तीन अनोळखी आवाज, मग मालकाचा, मग परत अनोळखी. अनोळखी आवाजांना मांजरं हळूहळू कंटाळली आणि मालकाचा आवाज आला की परत जागी झाली. पण ते जागं होणं म्हणजे कान आणि मान हलणं, म्याऊ करून किंवा शेपटी हलवून उत्तर देणं जवळजवळ नाहीच. कुत्र्याला माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून हुकूम ऐकायला घडवलं, मांजर धान्याच्या कोठारातल्या उंदरांच्या मागे आपल्या पायाने आलं आणि राहिलं, त्यामुळे हाकेला पळत येण्याचा करार तिच्याशी कोणी केलाच नव्हता.

तर चेक एवढाच की दोन दिवस हाक मारल्यावर पायांकडे न बघता कानांकडे बघा. कान वळत असतील तर ऐकणं आणि ओळखणं दोन्ही ठीक आहे, प्रश्न फक्त येण्याचा आहे आणि तो पुढच्या चेकांमध्ये सुटेल. चार जणांच्या आवाजाने मांजर नुसतं वैतागलेलं दिसलं तर प्रयोग थांबवा, दिवसातून एकदाच पुरे.

२. नाव एकच आहे का

हसू नका, पण मी एका घरात मोजलं होतं. आई "चिनू" म्हणते, बाबा "ढोल्या", मुलगी "बेबी", आजी "माऊ", आणि रागावले की सगळे मिळून "ए बोक्या". पाच नावं, मांजर एक. वर घरातल्या मुलाचं लाडाचं नाव मिनू! आता चिनू आणि मिनूमधला फरक त्या बिचाऱ्याने कशावरून ओळखायचा.

मांजराला स्वतःचं नाव कळतं, तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या शब्दांपासून ते वेगळं काढता येतं, हे जपानमध्येच २०१९ मध्ये तपासलं गेलंय. गंमत म्हणजे घरात बरीच मांजरं असली तरी घरातल्या मांजरांना आपलं नाव आणि दुसऱ्याचं नाव वेगळं कळत होतं, पण कॅट कॅफेमधल्या (जिथे गिऱ्हाईक मांजरांशी खेळायला येतात) मांजरांना तो फरक करता आला नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. कॅफेत दिवसभर नवनवीन गिऱ्हाईक येणार, कोणीही कोणालाही हाक मारणार आणि लाड भलत्याचेच होणार, मग नाव लक्षात ठेवून फायदा काय. तुमच्या घरात पाहुण्यांची आणि पोरांची वर्दळ असेल तर तुमचंही घर कॅफेच झालंय समजा.

उपाय: दोन अक्षरी एकच नाव, घरातल्या सगळ्यांनी तेच, आणि ते नाव मांजराबद्दल गप्पा मारताना वापरू नका. "मन्याने आज परत कुंडीत घाण केली" हे मन्यासमोर दिवसातून दहा वेळा बोललात तर त्याच्यासाठी मन्या हा शब्द टीव्हीच्या आवाजासारखा होतो, सतत चालू आणि कशाशी संबंध नाही.

३. हाकेनंतर काय होतं

आता खरी गोम इथे आहे, आणि लोकांना हे ऐकायला आवडत नाही. गेल्या आठवड्यात मांजराला नावाने बोलावलंत ते कशासाठी, हे एका कागदावर लिहून काढा. एका दादाने लिहिलं त्यात दोनदा जंताचं औषध, एकदा नखं, एकदा आंघोळ (मांजराला आंघोळ का घालता हो, ते दिवसभर तेच करत असतं), एकदा डॉक्टरकडे न्यायची पिंजरापेटी आणि एकदा "इकडे ये बघतो तुला" म्हणून, कारण पडदा फाडला होता. खाणं मात्र न बोलावता वेळ झाली की वाटीत टाकलेलं. म्हणजे नाव ऐकलं की काहीतरी वाईट होतं आणि नाव न ऐकता जेवण मिळतं. मांजर पलंगाखाली पळतंय ते आवाज ओळखतंय म्हणूनच पळतंय!

असं असेल तर ते नाव जळालं. ते परत चालू करण्यापेक्षा नवीन हाक घ्या, सोपं पडतं. आमच्या मामाकडे मालवणला आजी मासे साफ करायला विळीवर बसली की जीभ टाळूला लावून "च्यॅक च्यॅक" करायची आणि वाड्यातल्या दोन भाट्या म्हणजे मांजरी आणि एक कानफाटा बोका कुठूनही हजर, त्यांना नावंच नव्हती. वीस वर्षं त्या आवाजाचा अर्थ एकच होता, बांगड्याचं डोकं. आजी औषध द्यायला कधी च्यॅक करत नसे, गुपचूप जाऊन मानगूट धरायची (तुम्ही तसं धरू नका, टॉवेलात गुंडाळून घ्या).

तर नियम असा की औषध, नखं, पेटी यासाठी हाक मारायची नाही, आपण उठून जायचं आणि शांतपणे उचलायचं. आणि नवीन हाक फक्त चांगल्या गोष्टीला. पहिले तीन चार दिवस दोन हात अंतरावरून हाक आणि लगेच, म्हणजे खरंच लगेच, उकडलेल्या चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. मीठ मसाला नको, कांदा लसूण तर अजिबातच नको, ते मांजराला विषारी असतं. मग अंतर वाढवा, खोलीच्या टोकापासून, मग दुसऱ्या खोलीतून. दिवसाला पाच सहा वेळाच, तेही जेवणाच्या आधी, पोट भरलेलं मांजर कोणाचं ऐकत नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक मांजरं आठ दहा दिवसांत लायनीवर येतात आणि लोकांना वाटतं माझ्या आवाजात जादू आहे, जादू खिशातल्या डबीत असते.

४. आवाज कसा लावता

बाईच्या हाकेला येतं आणि पुरुषाच्या नाही, ही तक्रार फार येते. त्यात बाई पुरुष असं काही नाही, बहुतेक घरांत मांजराशी लाडात बोलतं कोण आणि ऑफिसच्या आवाजात बोलतं कोण एवढाच फरक असतो. फ्रान्समध्ये १६ मांजरांवर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात मालक मोठ्या माणसांशी बोलतो तो सूर आणि मांजराशी बोलतो तो लाडिक सूर हा फरक मांजरांना कळला, पण परक्या माणसाने तसाच सूर बदलला तर त्यांना काही वाटलं नाही. म्हणजे लाडिक सूर ही तुमची आणि तुमच्या मांजराची खाजगी भाषा असते, नुसता आवाज बारीक करून चालत नाही, त्या आवाजात रोज तिच्याशी बोललं गेलं पाहिजे. तर वरच्या मजल्यावरच्या दादाला म्हटलं, लाज सोड, दार लाव आणि रोज पाच मिनिटं बोल तिच्याशी. बायको हसली, पण दोन आठवड्यांनी ती मांजर त्याच्या लॅपटॉपवर बसायला लागली, आता ती तक्रार वेगळी.

याच खात्यात अजून एक केस. घरातल्या पोराचा आवाज फुटला आणि मांजर त्याच्या हाकेला यायचं बंद झालं, पोरगं बिचारं रडवेलं. आवाज खरंच बदललाय तर ओळखायला वेळ लागणारच. काही करायचं नाही, खाऊ त्याच्या हातून द्यायचा आणि तोंडाने बोलत राहायचं. जुळतं परत.

५. कुठून आणि कशातून हाक मारता

मिक्सर चालू, एक्झॉस्ट चालू, कुकरची शिट्टी आणि त्यातून तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडताय. माणूस साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि मांजर जवळपास ८५ हजारांपर्यंत, उंदरांची जी बारीक चिवचिव आपल्याला ऐकूच येत नाही ती तिला ऐकू येते. पाकिटाची कुरकुर म्हणूनच लांबून कळते, त्यात असे वरचे सूर भरपूर असतात, आणि तुमच्या आवाजातलं जे काही कामाचं आहे ते मिक्सर खाऊन टाकतो. जवळ जा, मिक्सर बंद करा, मग हाक मारा. ओरडू नका, मांजराच्या दृष्टीने ओरडणं म्हणजे भांडण.

व्हिडिओ कॉलचं कोडं पण इथलंच. मालकाचा आवाज कुठून आला यावरून मालक कुठे असेल हे मांजर मनात धरून ठेवतं, क्योटोमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की एका जागेवरून आलेला मालकाचा आवाज लगेच भलत्याच जागेवरून आला तर मांजरं चक्रावतात. फोनमधून पुण्याचा किंवा न्यू जर्सीचा दादा बोलतो, पण दादाचा वास नाही, पाय नाहीत, फोनच्या मागे भिंत आहे. दोन चारदा शोधून झालं की ती नाद सोडते. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, दादाला सांगा मनाला लावून घेऊ नकोस, दिवाळीला ये.

दिवाळीवरून आठवलं, फटाक्यांच्या दिवसांत आणि त्यानंतर दोन तीन दिवस यातला कुठलाही चेक करू नका. घाबरलेलं मांजर ओळखीचा आवाज ऐकूनही गप्प बसतं, गप्प बसणं हाच त्याचा बचाव. घरातून निसटून जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये लपलेल्या मांजराचंही तेच. दिवसा दहा जण मिळून हाका मारत फिरतात आणि ते दहा फुटांवर गाडीखाली श्वास रोखून बसलेलं असतं. रात्री दीड दोनला, वर्दळ थांबली की एकट्याने जा, जमिनीवर बसा, रोजच्या आवाजात हळू बोला आणि खाऊची डबी वाजवा. मी तीन मांजरं अशी परत आणलीत, तिन्ही आपल्याच बिल्डिंगच्या आवारात.

६. आता कान

इथवर काही फरक पडला नाही, किंवा "आधी यायचं, आता नाही" अशी तक्रार असेल तर मोबाईलचा टॉर्च लावून कानात बघा. निरोगी कान आतून फिकट गुलाबी, फारसा मळ नाही, वास नाही. कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट कोरडा मळ दिसला आणि मांजर डोकं झटकत असेल, कान खाजवत असेल तर बहुतेक कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे. हे बाहेर फिरणाऱ्यांना आणि नवीन आणलेल्या पिल्लांना फार होतं आणि घरातल्या दुसऱ्या मांजरांना, कुत्र्यालाही लागतं, त्यामुळे उपचार सगळ्यांचाच करावा लागतो.

बघणं एवढंच तुमचं काम. कोमट तेल घालायचं नाही, कितीही आजीने सांगितलं तरी. कापसाची काडी नाही, पेरॉक्साइड नाही, माणसाचे कानाचे ड्रॉप्स नाहीत. आत पडदा फाटलेला असेल तर यातलं काहीही आतल्या कानापर्यंत जाऊन कायमचं नुकसान करतं, आणि पडदा फाटलाय का हे टॉर्चने दिसत नाही. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावणं तर जिवावरचं, त्यातल्या पर्मेथ्रिनने मांजरं मरतात.

७. ऐकू येतं का याची घरगुती चाचणी

मांजर अर्धवट झोपेत असताना पाठीमागून, त्याला दिसणार नाही असं उभं राहा आणि वाटीवर चमचा वाजवा किंवा किल्ल्या हलवा. टाळी जवळून वाजवू नका, हवा लागते. पाय आपटू नका, फरशीतून हादरा जातो आणि ठार बहिरं मांजरही दचकून उठतं, मग तुम्ही म्हणता ऐकू येतं की. पंख्याच्या झोताच्या बाजूनेही नको, तुमचा वास आधी पोचतो. वेगवेगळ्या वेळी चार पाच वेळा करून बघा. प्रत्येक वेळी कानाचं टोकही हललं नाही तर संशय घ्यायला जागा आहे. आवाज ऐकून दचकतं पण कुठून आला ते शोधत भलतीकडेच बघतं, तर कदाचित एकाच कानाने ऐकू येत असेल.

पांढरं शुभ्र मांजर आणि दोन्ही डोळे निळे असतील तर जन्मतः बहिरं असण्याची शक्यता बरीच असते, एकच डोळा निळा असेल तर बऱ्याचदा त्याच बाजूचा कान गेलेला असतो. ऑफिसमधल्या एका मुलीने अशी मांजरी पाळली होती, वर्षभर सगळे तिला माजोरडी म्हणत होते. आता ती मुलगी घरी आली की दिव्याचं बटण दोनदा चालू बंद करते आणि मांजरी धावत येते. अशा मांजराला बाहेर मात्र सोडू नका, गाडीचा हॉर्न तिच्यासाठी नसतोच.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

हाकेला येणं अचानक, म्हणजे काही दिवसांतच बंद झालं. डोकं एका बाजूला कललंय, गोल गोल फिरतंय, तोल जातोय, डोळे आपोआप इकडून तिकडे हलतायत. कानातून पू, रक्त, घाण वास, किंवा कानाला हात लावला की ओरडतं. बाहुल्या मोठ्या होऊन तशाच राहिल्यात आणि वस्तूंना धडकतंय, हे तर त्याच दिवशी, म्हाताऱ्या मांजरात रक्तदाब वाढून दृष्टी जाऊ शकते. दहा बारा वर्षांच्या पुढचं मांजर जे हल्ली रात्री मोठ्याने विव्हळतं, पाणी जास्त पितं, बारीक होतंय. चोवीस तास काही खाल्लं नाही, तेही थांबायचं नाही, उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं. आणि अलीकडे कुठलं औषध चालू होतं ते सांगा, जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स कानाला बाधू शकतात.

डॉक्टर कानात यंत्राने बघतील, मळ मायक्रोस्कोपखाली घालतील. बहिरेपणाची पक्की खात्री मेंदूपर्यंत आवाजाचा सिग्नल पोचतो का हे मोजणाऱ्या बीएईआर चाचणीने होते, ती सगळीकडे होत नाही आणि घरातल्या मांजराला सहसा तिची गरजही पडत नाही.

जाताना घरी काढलेला चमचा वाटीचा व्हिडिओ न्या, कारण क्लिनिकमध्ये भीतीने सगळ्याच मांजरांचे कान मागे पडतात आणि तिथे काही कळत नाही. आणि पेटी दोन दिवस आधी बाहेर काढून आत जुना टॉवेल टाकून ठेवा, निघायच्या वेळी नावाने हाक मारू नका, जाऊन उचला.